जेवण साडेआठला

आमच्याकडं कुणी "या शनिवारी बसूया का" म्हणलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, घेणारे किती जण? त्यावरून बाटल्या ठरतात, बर्फ ठरतो, सोडा ठरतो, चकण्याला काय काय आणायचं ते ठरतं. न घेणारे किती हे मात्र कुणी मोजत नाही. त्यांच्यासाठी दोन लिटरची एक कोल्ड्रिंकची बाटली आणली की झालं, आणि त्यातली पण निम्मी पिणारेच मिक्सिंगला ओतून घेतात. मला हे खूप वर्षं खटकत होतं. आता जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर जे काही जमणं होतं, वाढदिवस म्हणा, मॅच म्हणा, कुणाचं प्रमोशन, नवऱ्याचा कॉलेजचा ग्रुप, ते सगळं मी वेगळ्या पद्धतीनं करते, आणि त्याबद्दल एकदा नीट लिहायचं होतं कारण ज्या ज्या मैत्रिणीला मी हे सांगते तिचा पहिला प्रश्न असतो, मग तुमच्याकडं दारू बंद केली का?

नाही केली. येणाऱ्यातले काही जण घेतात, नवरा पण कधीमधी घेतो, मी घेत नाही. बंद करायचा माझा आग्रहच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की घरी बोलावलेल्या सगळ्या माणसांची संध्याकाळ चार जणांच्या ग्लासांवर चालायला नको. कोण कधी जेवणार, मुलं कधी झोपणार, बायका कुठं बसणार, घरी कोण कुणाला सोडणार, हे सगळं बाटली ठरवते आणि आपण यजमान म्हणून ते चालवून घेतो.

आणि पिणारे जास्त असतात, आपण चार जण वेगळे, असं जे वाटतं ना, तसं नाहीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ ची, देशात १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी साधारण १९ टक्के दारू पितात असं आलंय, आणि बायकांमध्ये जेमतेम १ टक्का. म्हणजे पाच पुरुषांतले चार जण पीत नाहीत आणि बायका तर जवळजवळ सगळ्याच. आता तुमच्या ग्रुपात पिणारे जास्त असतील, कबूल, पण घरचा कार्यक्रम म्हणलं की बायका, मुलं, म्हातारी माणसं सगळी धरायची, मग मोजा. गच्चीवर पंचवीस माणसं असली तर त्यातली सहा-सात पिणारी. आणि अख्खा बेत त्या सहा-सात जणांचा.

त्यात आपलं सोलापूर. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी ऐकू येते. माझ्याच पाहुण्यांत एक अण्णा आहेत, त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, दरवर्षी आषाढीला चालत पंढरपूरला जातात, ते मांस-मच्छीला पण शिवत नाहीत. नवऱ्याचा अगदी शाळेपासूनचा मित्र मुसलमान आहे, त्याच्या घरी दारू चालत नाही. आमच्या शेजारच्या जैन काकी सूर्यास्तानंतर जेवतच नाहीत. एका मैत्रिणीच्या नवऱ्याला शुगर आहे. कुणावर गाडी चालवायची पाळी असते. आणि काही जणांना नुसती चवच आवडत नाही, आणि तेवढं कारण पुरेसं आहे, खरं तर कारण लागतच नाही.

पण विचारतात. हातात ग्लास नसलेला माणूस दिसला की सुरू. "का बे, सोडलास का? वहिनीनं सोडवली का? माळ घातलास का? डॉक्टरनं सांगितलंय काय?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, जिव्हाळ्यानंच विचारतो तो. पण सात-आठ जण ऐकत असताना त्या माणसानं काय सांगावं? एखाद्याच्या टीबीच्या गोळ्या चालू असतात, त्या गोळ्यांचा लिव्हरवर आधीच ताण असतो, वर दारू म्हणजे धोकाच, आणि आपल्याकडं टीबी आहे हे माणूस अजून चारचौघात बोलत नाही. एखाद्याच्या डिप्रेशनच्या गोळ्या असतात. पुण्या-मुंबईहून आलेली भाची एरवी घेत असते, आज नको म्हणते, तर दिवस गेलेत का म्हणून सगळ्यांच्या नजरा तिच्या पोटाकडं, आणि तिला तीन महिने कुणाला सांगायचं नसतं. म्हणून आमच्या गच्चीवरचा पहिला नियम मी नवऱ्याकडून आणि दिरांकडून वदवून घेतलाय, नको म्हणलं की "बरं" म्हणायचं आणि दुसरं काय हवं ते विचारायचं. का, हा शब्द नाही.

नियम नुसता सांगून पाळला जात नाही. जागा बदलावी लागते. आधी काय असायचं की जिना चढून वर आलं की समोरच बाटल्यांचं टेबल, त्याच्याभोवती पुरुष गोल करून उभे, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला गच्चीत पाऊल टाकल्या टाकल्या जाहीर करायला लागायचं, मी घेणार किंवा मी नाही घेणार. आता जिन्याच्या तोंडाशी जे टेबल आहे त्यावर दारू नाही. त्यावर नळाचं स्टीलचं पिंप, दोन जग, एक माठ, लिंबाच्या फोडी, आणि काचेचे तेच ग्लास जे पिणाऱ्यांना मिळतात. हे ग्लासचं मी मुद्दाम सांगते. बाकीच्यांना काच आणि न पिणाऱ्याला कागदी कप, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. येणारा प्रत्येक जण, पिणारा असो नसो, आधी त्या टेबलावरून काहीतरी घेतो, एप्रिल-मेमध्ये तर पारा बेचाळीसच्या वर गेलेला असतो, रात्री आठला पण गच्चीची फरशी पायाला गरम लागते, तहान सगळ्यांनाच असते. बाटल्या पार पलीकडं, पाण्याच्या टाकीजवळ, ज्याला हव्यात तो जातो. त्यामुळं पहिल्या अर्ध्या तासात कुणाच्या ग्लासात काय आहे हे कळतच नाही, आणि नंतर कुणाला पडलेली नसते.

ग्लासात काय घालायचं, यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलंय. दारू माणूस सावकाश पितो कारण ती घशाला चटका देते, कडू असते, एक घोट घेतला की थांबावं लागतं. कोल्ड्रिंक गोड असतं, तहान असली तर दोन मिनिटांत ग्लास रिकामा, दुसरा घेतला की तोंड चिकट, तिसरा जात नाही. मग त्या माणसानं उरलेले दोन तास हातात काय धरून बसायचं? म्हणून न पिणाऱ्यासाठी पण सावकाश प्यायचं पेय लागतं, तिखट, आंबट, तुरट, थोडं कडवट, गोडाला बेतानं. मॉकटेल म्हणून जे रंगीत सिरपचं देतात ते लहान मुलांना आवडतं, पन्नाशीच्या माणसाला नाही.

मी पानक करते. आमच्या कानडी शेजाऱ्यांकडं रामनवमीला करतात ते. वाटीभर गुळाला सहा-सात वाट्या पाणी, गूळ विरघळला की गाळून घ्यायचं, लिंबू, सुंठ, वेलदोडा, आणि मिरी, देवाच्या पानकात घालतात त्याच्या दुप्पट मिरी. ही मिरी पावडर करून नाही घालायची, खलात जाडसर कुटायची, म्हणजे मधेच एखादा कण दाताखाली येतो आणि जिभेला झटका बसतो. माठात ठेवलं की बर्फाची गरज नाही. दुसरं, डाळिंब. सांगोल्याकडची डाळिंबं आपल्याकडं चांगली मिळतात, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन पण मिळालंय. रस काढताना दाणे मिक्सरला एकदाच, अगदी क्षणभर फिरवायचे आणि गाळायचे. जास्त फिरवलं की बिया फुटतात आणि रस तुरट-कडवट होतो. लहान मुलांसाठी मी पहिला रस काढते, आणि मोठ्यांसाठी मुद्दाम जरा जास्त फिरवते, तो कडवटपणा मला हवाच असतो. त्यात काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि साधा सोडा. रंग असला गडद येतो की पिणारे पण येऊन विचारतात हे काय आहे, आणि मागून घेतात. तिसरं ताक, आलं-हिरवी मिरची ठेचून आणि हिंगाची फोडणी देऊन, ते जेवणाच्या आसपास. थंडीच्या दिवसात हुलग्याचं माडगं, त्याच्याबद्दल पुढं सांगते.

झिरो बिअरबद्दल बरेच जण विचारतात. चांगली सोय आहे, काहींना ती चव हवी असते पण नशा नको असते. पण लेबल बघून घ्यायचं. आपल्याकडच्या नियमात अर्ध्या टक्क्याच्या वर अल्कोहोल असेल तरच ते मद्य धरतात, म्हणजे नॉन अल्कोहोलिक लिहिलेल्या बाटलीत अगदी शून्य असेलच असं नाही, ०.० लिहिलेलं वेगळं आणि नॉन अल्कोहोलिक वेगळं. जो धर्मानं घेत नाही त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे, त्याला न सांगता ती बाटली पुढं करू नये. आणि ज्यानं दारू सोडलीय त्याच्यापुढं तर आपणहून कधीच नाही. तोच वास, तोच फेस, तीच बाटली हातात, त्याला ते सोपं नसतं. त्यानं मागितली तर वेगळं.

हे मला माझ्या मामेभावामुळं कळलं. त्यानं दारू सोडली त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याला विचारूनच लिहितेय, तोच म्हणाला लिही ताई, लोकांना माहीत नसतंय. सुरुवातीला त्याला डायसल्फिरामच्या गोळ्या चालू होत्या. दारू पोटात गेल्यावर शरीर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग ते पुढं मोडून टाकतं, ही गोळी ते मोडायचं कामच अडवते. मग ते विष अंगात साठतं, थोड्या वेळात तोंड लालभडक, छाती धडधडायला लागते, उलट्या, बीपी खाली जातं, जास्त झालं तर दवाखान्यात न्यावं लागतं. गोळी बंद केल्यावर पण दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. त्या काळात एका लग्नाच्या पार्टीत त्याचा एक जवळचा नातेवाईक त्याच्या मागं लागला, एका घोटानं काय होतंय बे, आणि शेवटी त्याच्या कोल्ड्रिंकच्या ग्लासात गुपचूप थोडी ओतायला निघाला, प्रेमानंच. भावाच्या बायकोनं बघितलं म्हणून वाचलं. ती बिचारी सबंध पार्टीभर त्याच्या ग्लासावर डोळा ठेवून बसलेली होती, जेवण नाही, गप्पा नाही, नुसतं ग्लासावर लक्ष.

दारू सोडणाऱ्यांसाठी जागा आहेत, पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा असतात. तिथून माणूस बरा होऊन बाहेर येतो तो आपल्या गच्चीवरच येतो ना. तिथं आपण काय करतो यावर त्याचे पुढचे दिवस अवलंबून असतात. म्हणून माझ्याकडं जगला चिठ्ठ्या लावलेल्या असतात, पिणाऱ्यांच्या टेबलावरचा जग, चमचे, बर्फाचा चिमटा या टेबलावर येत नाही, आणि केक आणला तर बेकरीत रम आहे का ते विचारून आणते. आणि कुणाच्या ग्लासात त्याला न सांगता काही ओतलं तर तो माणूस माझ्या घरी परत येणार नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगून ठेवलंय, हसत नाही सांगितलेलं.

आता खरा मुद्दा, वेळेचा.

पिण्याच्या बैठकीत जेवण कधी? जेव्हा पिणं संपेल तेव्हा. आणि जेवलं की पिणं संपलं हे पिणाऱ्यांना पक्कं माहीत असतं म्हणून ते जेवण पुढं ढकलतात, "थांबा की वहिनी, आत्ताच तर बसलोय," मग साडेनऊ, मग साडेदहा, मग "लास्ट वन". तोवर न पिणारे शेंगदाणे खाऊन खाऊन पोट बिघडवून घेतात. शुगरवाल्याची इन्सुलिनची वेळ टळते. मुलं सोफ्यावर तशीच झोपतात, उठवून भरवावं लागतं. आणि खाली स्वयंपाकघरात बायका. सोलापुरात पाहुण्यांना गार भाकरी वाढत नाहीत, म्हणजे पिठाची परात समोर घेऊन, तवा बारीक गॅसवर ठेवून दोन-तीन जणी बसलेल्या, वरून निरोप यायची वाट बघत. निरोप येतो अकराला. मग भाकऱ्या थापायच्या, वाढायचं, आणि वरचे निम्मे जण तोवर जेवायच्या स्थितीत नसतात, रस्सा कसा झालाय हे कळतच नाही त्यांना. सकाळपासून भाजून-वाटून केलेल्या काळ्या मसाल्याचा रस्सा. सगळ्यात शेवटी जेवतात त्या भाकऱ्या थापणाऱ्या, बारा वाजता. मी लग्न होऊन आल्यापासून हे केलंय, माझ्या सासूबाईंनी केलंय.

म्हणून आमच्याकडं निमंत्रणातच लिहिलेलं असतं, जेवण साडेआठला. सात वाजता या, साडेआठला ताटं लागतील. ज्याला जेवणानंतर अजून घ्यायचीय त्यानं घ्यावी, त्याला मी अडवत नाही, पण साडेआठला सगळे एकत्र जेवणार. रिकाम्या पोटी दारू लवकर चढते, पोटात अन्न असलं की रक्तात सावकाश मिसळते, म्हणजे हे पिणाऱ्यांच्या पण भल्याचंच आहे. जैन काकींसाठी ताट आधी, ऊन असतानाच, त्या सहालाच येतात आणि आमच्या सासूबाई त्यांच्याबरोबर बसतात, त्यांची वेगळीच मैफल असते. आणि भाकरीचा प्रश्न मी कडक भाकरीवर सोडवला. गरम भाकऱ्या साडेआठला एकदाच, आणि बाकी कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही, कांदा हे सातपासूनच दोन्ही टेबलांवर मांडलेलं असतं. कडक भाकरी तर आठ-पंधरा दिवस टिकते, ती कुणी तव्याशी बसून गरम करायला लागत नाही, आणि चटणी-दह्याबरोबर असला भारी लागते की चकण्याची पाकिटं आता आणतच नाही.

पहिल्यांदा कुरकुर झाली. "वहिनी, मूडच गेला," असं नवऱ्याचा एक मित्र म्हणाला, दोघं-तिघं नंतर यायचेच बंद झाले. त्यांची जमायची जागा आता दुसरी आहे, हायवेकडच्या ढाब्यावर. मला त्याचं वाईट वाटलं, त्यातला एक तर फार गुणी माणूस आहे, पण मी बदललं नाही. कारण दुसरीकडं एक गोष्ट झाली जी मी ठरवलेली नव्हती. बायका वर आल्या. आधी पुरुष गच्चीवर आणि बायका खाली हॉलमध्ये हे इतकं अंगवळणी पडलेलं की तेच आपलं वळण आहे असं वाटायचं. तसं नव्हतं, मधे बाटली होती म्हणून त्या खाली होत्या. तवा साडेआठनंतर बंद झाला, वर प्यायला काहीतरी चांगलं मिळायला लागलं, आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्या वीस वर्षांत कधी गच्चीवरच्या गप्पांत बसल्या नव्हत्या, त्या खुर्ची ओढून बसल्या आणि वडिलांच्या मागावरच्या गोष्टी सांगायला लागल्या. त्यांचे वडील चादरीचे कारागीर. धोटा कसा सुटायचा, रात्रपाळीत झोप कशी आवरायचे, जकार्डच्या पंच केलेल्या कार्डांवर मोराची नक्षी कशी बसवायचे. पुरुषांना हे काही माहीत नव्हतं, त्यांच्या नवऱ्याला सुद्धा.

या गावाला दारूचा इतिहास काही नवा नाही. माझी आजी गिरणीवाल्यांच्या चाळीत वाढलेली, ती सांगायची की पगाराच्या दिवशी बायका गेटवर जाऊन उभ्या राहायच्या, पैसे दुकानात जायच्या आत हातात पडावेत म्हणून. आणि १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात जे पेटलं, ज्याच्यानंतर इथं मार्शल लॉ लागला, त्याची ठिणगी रूपाभवानीच्या देवळाजवळची शिंदीची झाडं तोडण्यावरूनच पडली होती, ताडी-शिंदीच्या धंद्याविरुद्धचा तो सत्याग्रह होता, पोलिसांनी गोळीबार केला आणि मग गाव आवरलं नाही. पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. ज्या गावात दारू नको म्हणणं ही एवढी मोठी गोष्ट होती, तिथं आज एखाद्या पोरानं नको म्हणलं तर चार काका त्याच्या मागं लागतात, हे मला सहन होत नाही.

पोरांचं तर वेगळंच. आमचा एक पुतण्या बावीस वर्षांचा आहे, त्याला एका पाहुण्यांनी "आता मोठा झालास, काकासोबत घे" म्हणून पेग भरून दिला. महाराष्ट्रात हार्ड लिकरला वय २५ पूर्ण लागतं, हे त्या पाहुण्यांना माहीतच नव्हतं. ते जाऊ दे, कायद्यापेक्षा पण मोठी गोष्ट म्हणजे पोरगा ग्लास हातात धरून माझ्याकडं बघत होता. त्याला नको होतं आणि नको कसं म्हणायचं ते कळत नव्हतं. मी डाळिंबाचा ग्लास नेऊन त्याच्या हातात दिला आणि तो पेग उचलून आणला. पाहुण्यांना काही बोलले नाही, बोलायची गरजच पडली नाही. यजमानानं एवढं करायला हवं.

पैशाचं पण सांगते, कारण हे कुणी बोलत नाही. बाहेर फार्मवर वगैरे पार्टी असली की काँट्री, म्हणजे वर्गणी, सगळ्यांची सारखीच निघते. समजा बिल दहा हजार झालं, त्यातले सहा हजार बाटल्यांचे, दहा जण, प्रत्येकी हजार. न पिणारा चारशेचं जेवला आणि हजार दिले, आणि बोलला तर कंजूष. माझ्या नवऱ्यानं आता त्यांच्या ग्रुपात बाटल्यांचा हिशोब वेगळा धरायला लावलाय, जेवणाचा सगळ्यांत, बाटल्यांचा घेणाऱ्यांत. कुणाला वाईट वाटलं नाही, उलट दोघांनी बाजूला घेऊन बरं केलंस म्हणलं.

तसंच गाडीचं. "तू घेत नाहीस ना, मग सगळ्यांना सोड की." म्हणजे त्याची रात्र अजून दीड तास लांबली, एक आसरा चौकाकडं, एक अक्कलकोट रोडला, एक पार बाळ्याला. दारू पिऊन गाडी चालवू नये हे बरोबरच, १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी रात्री अकराला हायवेला ट्रक कसे येतात ते सोलापूरकराला सांगायला नको. पण त्याची सोय न पिणाऱ्यानं का करायची? ती पिणाऱ्यानं आणि यजमानानं आधी करायची. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या दोन रिक्षावाल्यांना मी दुपारीच सांगून ठेवते, रात्री साडेदहाला या, जाणाऱ्यानं भाडं द्यायचं. कुणी मित्र आपणहून सोडतो म्हणला तर उत्तम, पण त्याला गृहीत धरायचं नाही.

आता हुरडा. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेच्या आसपास, आमच्या दिरांच्या शेतावर मंगळवेढ्याच्या बाजूला आम्ही जातो. हुरडा पार्टी म्हणून आजकाल ज्या होतात त्यात हुरडा नावाला आणि बाटल्या गाड्या भरून, हे बघून जीव तुटतो, कारण हुरड्याला दुसऱ्या कशाची गरजच नसते. जमिनीत खड्डा करून आगटी पेटवायची, गोवऱ्यांचा निखारा फुलला की त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची, फिरवत राहायची, वरची कुसं काळी पडली की बाहेर काढून गरम असतानाच तळहातावर चोळायची. हाताला चटका बसतो, फुंकर मारली की कोंडा उडतो आणि हिरवे, मऊ, गोडसर दाणे हातात राहतात. लगेच खायचे. गार झाला की हुरडा गेला. म्हणजे ज्याला हुरडा खायचाय त्यानं आगटीजवळच बसायला पाहिजे, लक्ष त्यातच पाहिजे, हात काळे झालेले पाहिजेत. ग्लास धरायला हात मोकळाच नसतो. मी बघितलंय, घेणारे पण तिथं आगटीभोवतीच रमतात, बाटली गाडीतच राहते.

आणि थंडी असते म्हणून माडगं. हुलगे भाजून दळलेलं पीठ गार पाण्यात गुठळी न होता कालवायचं, दुसरीकडं गुळाचं पाणी उकळत ठेवायचं, सुंठ घालायची, चिमूटभर मीठ, मग कालवलेलं पीठ हळूहळू सोडत ढवळत राहायचं, दाटसर झालं की वरून खोबऱ्याचा कीस. वाटीतून गरम गरम भुरकायचं. घशाखाली उतरताना सुंठ आणि हुलगा दोन्ही गरमपणा देतात, अंगात ऊब येते, आणि तेवढ्यासाठीच तर लोक थंडीत रम घेतो म्हणतात ना.

येत्या फेब्रुवारीत मोठ्या पुतण्याचं लग्न आहे आणि संगीताचा कार्यक्रम आमच्याकडं आहे, दोनशेच्या वर माणूस. घरच्या गच्चीवर जमतं ते एवढ्या माणसांत जमवायचं म्हणजे केटररपासून सगळ्यांना सांगावं लागतंय. त्याच्या मेन्यूत वेलकम ड्रिंक म्हणून हिरवं-निळं सिरप होतं, ते काढून पानक आणि डाळिंब-सोडा घालायला लावलंय, मिरी किती ते मी स्वतः जाऊन दाखवणार आहे. बाहेरचं टेबल, आतलं टेबल, चिठ्ठ्या, रिक्षा, सगळं लिहून दिलंय. दिरांशी फक्त वेळेवरून चाललंय, त्यांना साडेआठ फार लवकर वाटतंय, मुलीकडची मंडळी कलबुर्गीहून येणार, पोचायला उशीर होईल म्हणतात. ते दहा म्हणत होते, आता साडेनऊवर आलेत. मी नऊपर्यंत तयार आहे, त्याच्या पुढं नाही.